चार पावलं मागे

अहो,

पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडून बसले आहे. श्रीकांत माझं परतीचं तिकीट काढतोय, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका. हसायचात, माहीत आहे!

तुम्ही गेलात आणि लेकानं मला इथं न्यू जर्सीत आणून ठेवलं. "कराडचं घर विकू, आई. एकटीला झेपणार नाही तुला." दर रविवारी तेच! शेवटी म्हणाला, "न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला जमीन चिंचोळी आहे. शेतांमधून पायवाट जाते, इकडच्या खाडीपासून तिकडच्या समुद्रापर्यंत. ती चालून दाखव, मग जा खुशाल." त्याला वाटलं, म्हातारी गप्प बसेल.

म्हातारीनं नातीचे बूट चढवले, काष्टा आवळला, दशम्या बांधून घेतल्या. बर्फ जाऊन नुकती नांगरट झालेली रानं, झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. त्यांची नावं कोण जाणे! पण ओल्या मातीचा वास ओळखीचा निघाला.

श्रीकांत मात्र सारखा थांबायचा. तो थांबला की मीही थांबे.

"दमलीस ना? कार घेऊन येतो."

"दमलेय कुठं? तू थांबलास म्हणून थांबले."

"अगं, मी तुझ्यासाठी थांबलोय!"

दोघं शेतात बुजगावण्यासारखी उभी! शेवटी नीतानं कानातला वॉकमन काढला, "आजी, जस्ट गो!" म्हणाली आणि मला बापाच्या पुढे ढकललं.

तेव्हा उमगलं. देवळात, बाजारात, लग्नाकार्यात जन्मभर तुमच्या मागे चार पावलं चालले. तुम्ही थांबलात की थांबायचं, सासूबाईंची शिकवण. तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमचं मागून पडलेलं टक्कल मला जास्त पाठ आहे! एकदा तरी वळून बघायला काय झालं होतं तुम्हाला?

मग काय, सुटलेच. समोर कुणाची पाठ नसली की रस्ता केवढा दिसतो हो! मागून त्याची आपली हाक, "आई, हळू! स्लो डाउन!" समुद्रापाशी बसून माझी दशमी खाऊन झाली, तेव्हा चिरंजीव धापा टाकत आले.

"कार आणू का रे?" मी विचारलं.

हसला बिचारा. "काढतो तिकीट," म्हणाला.

घर विकलं जाणार नाही. कुलूप माझ्या हातानं उघडीन, अंगणही मीच झाडीन. आणि ऐका, तुमच्याकडे यायची मला घाई नाही. पण येईन तेव्हा शेजारून चालीन, जमलं तर पुढून. हे वचन समजा, नाहीतर धमकी.

तुमचीच,
गोदा