पुढून उघडणारं जाकीट

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. बातमी अशी, की तुझी भावजय गेल्या आठवड्यात वर्गात तक्ता लावायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. स्टूल ठीक आहे. तिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसवले. मी डॉक्टरांना स्क्रूची जाडी विचारली. त्यांनी सांगितली नाही.

आता अडचण थंडीची. हात झोळीत, त्यामुळे डोक्यातून घालायचा एकही स्वेटर चढत नाही. पुढून उघडणारे आहेत त्यांच्या बाह्या अरुंद. शाल घसरते, आणि ती घसरली की आमच्याकडे माझा उद्धार होतो. तेव्हा बिनबाह्यांचं, पुढून उघडणारं लोकरीचं जाकीट मी स्वतः विणायचं ठरवलं आहे. हसू नकोस. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढला, टोक वाकवलेली एक सुई मला काही भारी नाही. क्रोशा हा तुझा प्रांत, तेव्हा सगळं नीट लिहून कळव.

लोभ आहेच, तो सूचनांसह पाठवावा.
तुझा,
खटपट्या

१२ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी हसले नाही. तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, ते हसले. भावजयीला सांग, तिच्या पडण्याचं मला आठ दिवसांनी कळवणारा नवरा मिळाला हे तिचं नशीब.

जाकीट म्हणजे तीन तुकडे. पाठीचा एक मोठा, पुढचे दोन त्याच्या निम्म्या रुंदीचे. आधी साखळी घाल, मग साखळीवर एकेक खांब, म्हणजे उभा उंच टाका. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटव. त्या तीन साखळ्या म्हणजेच पुढच्या ओळीचा पहिला खांब, हे कपाळावर लिहून ठेव. शेवटी खांदे जोड, बगला शिव, हातांना जागा सोड. पुढचे दोन पट्टे मोकळे राहू देत, वाटलं तर एक बटण लाव. आधी तळहाताएवढा नमुना विणून मला पाठव. लहानपणी तू माझं शिवणयंत्र पार सुटं केलंस आणि एक स्क्रूही न उरवता परत बसवलंस, एवढ्यावर तुझ्यावर विश्वास टाकते आहे.

लोभ वाढावा, वीण घटू नये.
तुझी,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नमुना. चौकोन म्हणून सुरू केला, त्रिकोण झाला. कारण कळलं नाही, पण दोन्ही बाजूंचा उतार एकसारखा आहे, एवढं तू मान्य करशील. जेवणाच्या सुट्टीत विणतो. पहिल्या दिवशी कारखान्यातले सगळे बघायला आले. दुसऱ्या दिवशी वेल्डर एकटाच आला आणि मोजा विणता येईल का म्हणून हळूच विचारून गेला.

इकडे सर्व ठीक. काळजी नसावी.
तुझा,
खटपट्या

२७ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्रिकोण झाला, कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब तू गाळतोस. घाईने उलटू नकोस, कडेपर्यंत जा. हे झालं विणकामाचं.

दुसरं असं, की नमुना इतका घट्ट आहे की तो आपला आपण उभा राहतो. तुझ्या भावोजींनी त्यावर चहाचा कप ठेवून पाहिला, वाकला नाही. हात इतका आवळतो तेव्हा माणूस घाबरलेला असतो, हे मी पुष्कळ मुलींना शिकवून पाहिलं आहे. इकडे सर्व ठीक, असं मला लिहीत जाऊ नकोस. कशाला घाबरला आहेस ते लिही.

लोभ आहे म्हणूनच खोदून विचारते.
तुझी,
ताई

१९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून सांगतो. हाड जुळलं, झोळी सुटली. डॉक्टर म्हणतात, आता हात बेलाशक वर करा, नाही केला तर असाच आखडेल. ही करत नाही. भिंतीवर बोटं चढवत न्यायची असतात. ती छातीपर्यंत नेते आणि दुखतं म्हणून खाली आणते. शाळेत जायला लागली आहे, पण फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिते. वरच्या कोपऱ्यातली तारीख एक उंच मुलगी लिहून देते. घरी तिचे केस मी विंचरतो, फळीवरचे डबे मी काढतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्हीच त्यांचा हात झालात तर त्यांचा हात कशाला उठेल? मला राग आला. घरी येऊन पाठीच्या काही ओळी विणल्या, त्या उसवायला पक्कड लागली. बाईंचं खरं होतं.

परवा ही म्हणाली, की आता हे असंच चालायचं, शाळेचं वर्ष संपलं की नोकरी सोडते. ताई, वर्गात नसलेली ही मी कधी पाहिलेली नाही. मला तिची भीती वाटते, आणि तिच्यासाठीही वाटते.

तिन्ही तुकडे झाले. शिवायचे राहिले आहेत.

लोभ असावा, या वेळी जरा जास्त.
तुझा,
खटपट्या

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाकीट पूर्ण झालं. एक चूक राहिली. पुढचे दोन पट्टे नजरचुकीने मधोमध एकमेकांना शिवले गेले. त्यामुळे ते पुढून उघडत नाही. डोक्यातून घालावं लागतं, आणि त्यासाठी दोन्ही हात वर करावे लागतात. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. उसवणं शक्य नाही, गाठी फार पक्क्या बसल्या आहेत.

ही माझ्याशी बोलत नाही. जाकीट खुर्चीच्या पाठीवर आहे. थंडी वाढते आहे.

लोभाची फार गरज आहे.
तुझा,
खटपट्या

१५ जानेवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

नजरचूक? तुझी?

बाकी भेटीअंती.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भावाने जाकिटाचं कळवलंच असेल. दोन दिवस मी त्या जाकिटाकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडेही नाही. तिसऱ्या दिवशी थंडीने दात वाजायला लागले. घरात कोणी नव्हतं, म्हणून त्यात डोकं घातलं. डावा हात गेला. उजवा मधेच अडकला. ना आत, ना बाहेर, अशी तोंडावर लोकर घेऊन खोलीत उभी राहिले. शेजारणीला हाक मारावी तर लाज. मग चिडून हात वर रेटला. फार दुखलं. रडलेसुद्धा. पण हात निघाला. ऊब आल्यावर लक्षात आलं, की आता हे काढायचंही आहे.

तेव्हापासून रोज घालते, रोज काढते. भिंतीवर बोटं चढवताना दुखलं की थांबता यायचं. डोकं आत अडकल्यावर थांबून कुठे जाणार? राजीनामा लिहायचा होता, तो राहूनच गेला.

यांना विचारलं, तर म्हणतात नजरचूक. वन्सं, चुका तपासण्यात माझा जन्म गेला. या जाकिटाचा एक खांदा वर, एक खाली आहे. पाठ ढगळ, बगला वाकड्या. अख्ख्या जाकिटात एकच शिवण ओळंबा लावल्यासारखी सरळ आहे, टाकान् टाका सारखा, आणि ती ही नजरचुकीची. काल म्हणाले, आता हात बरा आहे तर मधली शिवण उसवून देतो. गाठी आपोआप सैल झालेल्या दिसतात. मी जाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्यासाठी कोणी काही इतकं सरळ शिवलं नव्हतं.

या पत्राच्या डोक्यावर तारीख आहे, ती बघा. आज सकाळी हीच तारीख वर्गात मी लिहिली, फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, स्टुलाशिवाय. उंच मुलगी खडू घेऊन उठली होती. तिला खाली बसायला सांगितलं.

लोभ असावा, आणि तुमच्या भावाला यातलं काही कळवू नये.
आपली,
भावजय