मळलेली कणीक

मंगळवार, संध्याकाळ

इगतपुरीचं घर बंद करून आई माझ्याकडे नाशिकला राहायला आली. तिचं मनगट सुजतं, म्हणून कणीक मळायला स्टँड मिक्सर घेतला. आज पहिल्यांदा लावला. चांगला जड आहे, ओट्यावर हललासुद्धा नाही.

"छान मळतो गं," आई म्हणाली. "आता मी काय करू?"

"तू बस जरा."

"बसायला मी काय पाहुणी आहे?"

मी हसले. ती हसली नाही.

वळून पाहते तर मळलेला गोळा परातीत घेऊन ती पुन्हा तिंबत होती. त्याच मनगटानं. थांबवायला हवं होतं. अजून तेच डोक्यात आहे. मनगट उद्या आणखी सुजेल. मग परात सरकू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी का धरून ठेवली?