साळवे मास्तरांची बदली

नगर, बुधवार, १६ जानेवारी १९४६

साळवे मास्तरांची अकोले तालुक्यात बदली झाली. शाळाखात्यातल्या हेडक्लार्कने दुपारी स्वतः सांगितले. कारण सांगितले नाही, पण मला ते ठाऊक आहे. मत मागायला येणाऱ्याला आधी प्रश्न विचारा, हा माझ्या साप्ताहिकातला लेख मास्तरांनी त्यांच्या गावच्या चावडीवर वाचून दाखवला. मग गेल्या आठवड्यात भिकाजी नावाच्या शेतकऱ्याने उमेदवाराला भर सभेत विचारले, "सायेब, गावात दवाखाना कवा व्हनार?" एवढेच. दवाखाना कधी, एवढेच!

संध्याकाळी मास्तर छापखान्यात आले. "लिहायचं तुम्ही, संपादक, आणि बिऱ्हाड हलवायचं आम्ही," म्हणाले आणि हसले. मला हसता आले नाही. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत. बातमी छापली तर हुकूम फिरेल, की वरचे आणखी चिडतील? नाही छापली, तर पुढच्या गावात कोण तोंड उघडेल? शेवटी मास्तरांनाच विचारले.

"छापा," म्हणाले. "पण आधी दवाखान्याचं छापा."

शनिवारी अंक निघेल. रविवारी उमेदवार पुन्हा त्या गावी येणार. मास्तर तोवर गेलेले असतील. भिकाजी पुन्हा विचारणार म्हणतो. गावातले बाकीचे त्याच्या जोडीला उभे राहतील की नाही, ते अजून कळलेले नाही.