माझा रविवारचा मोजा

प्रिय नोराताई,

देव आणि मेरीमाता तुमच्या चुलीची ऊब राखोत. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुमच्या पांढऱ्या घोड्याचा खोकला आता बरा असेल. आमचं विचारू नकोस. (नाही विचारलंस तरी सांगते. तिकीट लावायचंच आहे तर कागद कोरा कशाला पाठवू?)

गवत कापायच्या यंत्रात आमच्या ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, हे तुला कळलंच. मला वाटलं, जीव वाचला, फिडल सुटली, आता तरी माणूस संध्याकाळच्या जपमाळेला वेळेवर गुडघे टेकेल. कसलं काय! अख्ख्या डोनेगलला नाचवलेला हा माणूस पन्नाशीत हात बदलून बसला. तारा उलट्या लावल्या, सुरांवर उजवी बोटं, आणि गज डाव्या थोट्या पंजाला बांधलेला. कशाने? माझ्या रविवारच्या काळ्या मोज्याने! (रफू करकरून जपलेला.) आता मी मिस्साला एक पाय काळा, एक करडा अशी जाते, आणि फादर प्रवचन विसरून माझ्या पायांकडे बघतात.

आवाजाचं तर बोलूच नको. कोंबड्यांनी अंडी बंद केली. शेजारचा पॅकी कुंपणावरून ओरडतो, "वहिनी, डुक्कर एकदाचं मारा तरी, नाहीतर सोडा बिचाऱ्याला!" हे गज असा ओढतात की त्याला लावलेले घोड्याचे केस तटातट तुटतात. परवा एक कोबीच्या रश्शात निघाला. मी कडाडले, तर म्हणे, "ब्रिजिद, लहानपणी शिकलो तेव्हा आईसुद्धा अशीच ओरडायची."

त्यात उपवासकाळाआधी उनाचं लग्न. बापाने फिडल वाजवत लेकीला चर्चपर्यंत न्यायचं. मी म्हटलं, पलीकडच्या गावचा अकॉर्डियनवाला बोलवू, नुसत्या जेवणावर येतो. तर हे फुरंगटले, "माझ्या पोरीची पाठवणी दुसऱ्याच्या भात्यावर? त्यापेक्षा मी शीळ घालीन!" आणि उना म्हणते, "बाबा वाजवणार नसतील तर मी उंबरा ओलांडणार नाही." सांग, अशा घरात डोकं ठिकाणावर कसं राहील?

तुझी वैतागलेली बहीण,
ब्रिजिद

ता.क. गजावर आता केसच उरले नाहीत. तुमच्या घोड्याच्या शेपटीचे लांब केस टपालाने पाठव. घोडीचे नकोत, तिची शेपटी मुताने सारखी भिजते, केस टिकत नाहीत. लग्नाला येताना आणते म्हणू नकोस, उशीर होईल. काल ह्यांनी पाठवणीची चाल शेवटपर्यंत वाजवली. मी काही ऐकत नव्हते, फक्त लोणी घुसळायची थांबले होते.

आणखी एक. मोजा मात्र पाठवू नकोस. पहिला सैल पडला, म्हणून जोडीचा दुसराही मीच त्यांच्या हाताला बांधला. निदान आता दोन्ही पाय करडे दिसतील.