हजेरीतला चौथा आवाज

१५ एप्रिल २०२१
तिसगावाहून आत, वाडीवरच्या शाळेत आज रुजू झालो. जागा झकास! शुगर फॅक्टरीत पोती वाहून डी.एड. केलेल्या माणसाला पत्र्याची खोलीही बंगलाच. आमचं नाव तेवढं श्रीमंत. शाळा बंद, वर्गात कोविडच्या खाटा टाकल्यात. खिचडी शिजवणाऱ्या रतनबाई म्हणाल्या, "मास्क काडू नका गुर्जी. तुमच्या आधीचे गोरक्ष गुर्जी सर्वे करत फिरले, अन् त्यातच गेले. पर हजेरी कदी चुकवली न्हाई."

१६ एप्रिल
पोरांकडं साधे फोन. म्हणून सकाळी दहाला पटावरच्या तिघांना फोनवर एकत्र जोडून शाळा भरवली. कान तिखट आहेत माझे: अजिनाथ नाकात बोलतो, दिशा "हजर" म्हणताना हसतेच. मुजफ्फरमागं शेळी ओरडली. तिचीही हजेरी लावली. पोरं खिदळली.

१७ एप्रिल
माझ्याआधीच कुणीतरी अजिनाथचं नाव घेतलं. जाड, धापा टाकणारा आवाज. पोरगं "हजर" म्हणालं. कुणाच्या बापाची चेष्टा असेल.

१९ एप्रिल
अजिनाथ गेला. नगरला नेताना, टेम्पोतच.
आज त्याच आवाजानं मुजफ्फरला पुकारलं. तोही "हजर" म्हणाला. धाप चालूच होती, स्पीकर लावून रतनबाईंना ऐकवली. त्यांनी पदर तोंडात धरला. म्हणाल्या, गोरक्ष गुर्जीच हायेत. मरताना हितंच वर्गात खाटेवर हजेरीच घेत हुते, पुरी झाली न्हाई.

२० एप्रिल
मुजफ्फर संध्याकाळी गेला. शेळी ओरडतेय.
शाळा बंद केली. दिशाच्या घरी जाऊन बजावलं: फोन आला तरी उचलायचा नाही, नाव घेतलं तरी बोलायचं नाही. एवढी एक पोर वाचवायची.

२२ एप्रिल
दहाला दिशाला फोन गेला. माझ्याच नंबरवरून, असं तिची आई सत्यशीलाबाई सांगते. मी केला नव्हता. देवाशपथ नाही केला —
पोर "हजर" म्हणाली. का, विचारलं, तर म्हणे गुर्जींनी नाव घेतल्यावर गप कसं बसायचं?
मीच शिकवलेलं.

२३ एप्रिल
दिशा — पहाटे.
मला ताप. ऑक्सिजन ऐंशी.

२४ एप्रिल
फोनची बॅटरी काढून ठेवलीय. दहा वाजले. तरी वर्गातून — धाप — अजिनाथ. मुजफ्फर. दिशा. तिघंही ओळीनं "हजर". दिशा हसली.
आता माझं — श्रीमंत रंगनाथ — बापाच्या नावासकट —
बोलायचं नाही. ओठ दातांत धरलेत. डावा हात आपोआप वर गेलाय, खाली येईना —
ह