बाळंतपण घरीच होणार

तीर्थस्वरूप मावशीस,

पोट आडवं येतं, म्हणून उभ्यानेच केलेला नमस्कार घे. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं कळव, कारण आहे.)

"प्रसूतिगृहात तीस वर्षं काढलेल्या बाईची भाची घरी बाळंत होणार, लोक मला काय म्हणतील?" हे तुझं फोनवरचं वाक्य मला पाठ झालंय. लोकांना म्हणायचं ते म्हणू देत. मी बैठकीच्या खोलीत सोफा हलवून जागासुद्धा केली आहे. परदेशात राहायला आले म्हणून परक्यांच्या पलंगावर, परक्यांच्या सोयीने कळा द्यायच्या, हे मला मान्य नाही. (इथलं रुग्णालय स्वच्छ आहे. पण चारदा गेले, चार निराळ्या डॉक्टरणी भेटल्या आणि चौघींनीही "पहिलंच का?" एवढंच विचारलं.)

आमच्या सुईणबाई शिकलेल्या आणि करड्या शिस्तीच्या आहेत. सोमवारी त्यांना रंगीत तालीम घ्यायला मीच बोलावलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कळा सोसायला कोमट पाण्याचा रबरी हौद असतो. तुझ्या जावईबापूंनी तो तासभर पायपंपाने फुगवला, स्वयंपाकघरातल्या नळाला नळी जोडली आणि भरायला घेतला. सुईणबाई शेजारी उभ्या राहून त्यांना पुढचं सगळं क्रमाने समजावत होत्या. नाळेपर्यंत पोचल्या आणि जावईबापू चष्म्यासकट हौदात पडले. नळी सुटली, तिने सोफ्यापासून घड्याळापर्यंत सगळ्यांना न्हाऊ घातलं. खालचे आजोबा तक्रार करायला आले ते छत्री उघडूनच. रक्तदाब माझा तपासायचा होता, तपासला यांचा. मी फरशी पुसायचं फडकं पिळत होते.

तरी माघार नाही. बाळंतपण म्हणजे दुखणं नव्हे, हे मला तूच शिकवलंस.

तुझी,
हट्टी भाची

ता.क. जाताना सुईणबाईंनी अट घातली: हात धरायला न कोसळणारं माणूस हवं, नाहीतर मुकाट्याने रुग्णालयात. (आई एका पायावर येईल, पण यांच्या शेजारीच आडवी होईल. तुझी बहीण तुला ठाऊक आहे.) त्यांच्या अर्जावर सोबतीण म्हणून मी तुझं नाव लिहून टाकलंय, व्हिसासाठीचं पत्र सोबत आहे. विरोध करायचा तर इथे येऊन, माझा हात धरून कर. मला भीती वाटते गं.

आणखी एक. अर्जात 'घरच्या बाळंतपणाचा पूर्वानुभव' विचारला होता. दवाखान्याची गाडी वेळेवर आली नाही तेव्हा स्वयंपाकघरातल्या चटईवर आईचं बाळंतपण तूच केलंस, ते लिहिलं. सुईणबाईंनी विचारलं, बाळ सुखरूप होतं का? म्हटलं, तुमच्यासमोर उभं आहे.