माझी खबर ऐश्वर्यापासून लपवू नये

मी, देवराव लहानूजी भोयर, वय एकाहत्तर, पोलाद कारखान्यातला निवृत्त कामगार, मूळ गाव साकोलीजवळचे, राहणार वैशाली नगर, भिलाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. भीतीचा आहे, पण भीतीने माझी बुद्धी ढळलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. रविवारी माझी नात ऐश्वर्या हिची नीटची परीक्षा आहे. या दोन दिवसांच्या मध्ये काय होईल, हाच विचार मनात आहे. मी युनियनतर्फे कारखान्याच्या गेटवर हजारो कामगारांसमोर बोललो, अधिकाऱ्यांची नावे घेऊन बोललो. पण ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना माझी अक्षरे वाकडी आली. खाली दिलेल्या सहीशी ती ताडून पाहू नयेत.

१. वैशाली नगरातले घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी विजया हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यानंतर मुलगा प्रशांत आणि मुलगी शिल्पा यांचे, समान. विजया जिवंत असेतो ते विकू नये, गहाण ठेवू नये. ऐश्वर्याची मेडिकलची जागा विकत घेण्यासाठी तर मुळीच नाही. मी शिक्षणाच्या विरोधात नाही, मी बाजाराच्या विरोधात आहे. घर विकून डॉक्टर केलेली मुलगी प्रत्येक रोग्याच्या तोंडाकडे पाहताना आधी आपल्या बापाचे घर पाहील. तिच्यावर हे ओझे कोणी टाकू नये.

हे कलम लिहिताना विजया चहा घेऊन आली. म्हणाली, "कावून लिहून राहिले हे? अजून ऑपरेशन व्हायचं हाये, अन् तुम्ही आतापासून वाटणी करून राहिले." मी म्हणालो, "तुझ्याच नावानं लिहून राहिलो." "मले घर नाही पायजे, तुम्ही पायजे," म्हणाली आणि कप तिथेच ठेवून गेली. चहा बिनसाखरेचा होता. मरणाच्या दारातही सवलत नाही.

२. उतईचा प्लॉट प्रशांतचा. बँकेतली ठेव विजयाची. पुस्तकांची दोन्ही कपाटे शिल्पाची, कारण या घरात माझ्याशिवाय तिनेच ती उघडली. माझा सभेचा भोंगा माझे सोबती बाबुलाल साहू यांना द्यावा. त्याची बॅटरी गेली आहे, बाबुलालचा आवाज शाबूत आहे.

३. मेहुणे भाऊराव यांना काहीही नाही. ऐश्वर्या दहावी झाली तेव्हा नागपूरहून खास येऊन त्यांनी प्रशांतला सांगितले, "आपण मराठी मानसं. पोरीले बारावीले तिकडे पाठवा, महाराष्ट्रात आपल्या लोकायची सीट पक्की." पोरीला पाठवले. गेल्या वर्षी तिला चांगले गुण पडले. मग महाराष्ट्रात कागद तपासताना कळले की त्यांच्या कोट्याला दहावीही तिकडचीच लागते, आणि तिची दहावी भिलाईची. तोवर छत्तीसगडच्या नोंदणीची तारीख निघून गेली होती. चाळीस वर्षे इथली भट्टी पेटती ठेवूनही आम्ही मनाने गाडी पकडून तिकडेच जात राहिलो. त्याचा दंड एका मुलीने भरला. ती नापास झालेली नाही. वाढदिवस असो की हळदीकुंकू, कोणी तिच्यासमोर "या वेळी तरी" हे शब्द उच्चारू नयेत. भाऊरावांनी माझ्या तेरवीला जेवावे, भाषण करू नये.

४. ऐश्वर्याला स्टेथोस्कोप देता आला असता तर दिला असता. माझ्याजवळ फक्त बोलणे आहे. ते देतो.

पुस्तके थोडी ठेव आणि तीच पुन्हा वाच. भौतिकशास्त्राला घाबरून जीवशास्त्रात लपू नको. दुसऱ्यांचे गुण मोबाईलवर पाहू नको. झोप. निकाल लागला की छत्तीसगडची नोंदणी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने कर. मामा, आजोबा, समाज, कोणाचेही ऐकू नको. आपल्या राज्याचे सरकारी कॉलेज मिळाले तर इमारत पाहून नाक मुरडू नको; जिथे रोगी जास्त, तिथे शिकणे जास्त. पुढे सरकारी बाँडची, गावातली सक्तीची नोकरी येईल. ती चुकवण्याच्या वाटा तुला पुष्कळ जण दाखवतील. जा. "कहाँ पिरावत हे?", कुठे दुखते, असे विचारता येईल इतकी छत्तीसगढी तुला येतेच. कोणत्या विषयाचा डॉक्टर व्हायचे ते वॉर्डात हिंडून ठरव, लग्नाच्या बाजारातला भाव पाहून नको. नर्सबाईंशी नीट बोल. आणि कोणालाही वाईट बातमी उभ्याने सांगू नको. माझ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली, बसले, कागदावर हृदय काढून कुठे बंद आहे ते दाखवले. मला भीती वाटली. पण मी एकटा घाबरलो नाही.

आणि डॉक्टर झाली नाहीस, तरी या घरात तुझे ताट तिथेच वाढले जाईल. विजयाने हे वाचून घ्यावे.

५. आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते.

अँजिओग्राफीनंतर मी डोळे मिटून पडलो होतो. दाराबाहेर प्रशांत शिल्पाला सांगत होता, "काही झालंच तर रविवारचा पेपर होईपर्यंत तिले कळू द्यायचं नाही. पूछेगी तो बोल देंगे, आयसीयू में मिलने नहीं देते."

"अन् आपण घरी आल्यावर तिनं आपली तोंडं पाहिली तर? दादा, पोरगी का दगड हाये?"

"साल वाया जाईन तिचं, शिल्पा! अजून एक साल!"

प्रशांत वाईट नाही. तोही घाबरला आहे. पण तेव्हापासून मला मरणापेक्षा त्या तीन दिवसांची भीती वाटते. मी बर्फावर, आणि ती पेपर लिहीत आहे.

आज सकाळी ऐश्वर्या माझ्याजवळ येऊन बसली. पंधरवड्यापासून ती नीट जेवत नाही, पुस्तक उघडून नुसती बसते. आम्हाला वाटले, परीक्षेमुळे. ती म्हणाली, "आबा, सच बताओ. डर लग रहा है?"

"हो," मी म्हणालो. "फार."

"मलापण." मग हळूच म्हणाली, "पप्पा मला सांगणार नाहीत. मैंने सुन लिया था, फोनवर बुआशी बोलत होते. आता घरात फोन वाजला की मी सगळ्यांचे चेहरे बघते. कोई हँसता है ना आबा, तो भी लगता है कुछ छुपा रहे हैं. मला एक ओळ वाचता येत नाही."

म्हणून माझी आज्ञा अशी: मी गेलो तर पहिल्यांदा ऐश्वर्याला सांगावे, बसून, खरे शब्द वापरून. अग्नी तिच्या समोर द्यावा. त्यानंतर पेपर द्यायचा की नाही हे तिने ठरवावे. "आजोबांसाठी दे" असे कोणी म्हणू नये, आणि "आता राहू दे" असेही म्हणू नये. हे कलम मोडणाऱ्याचा वरील कशातही वाटा नाही.

मी हे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ठीक है. पण शुक्रवारी तुम्हीच फोन करा, आबा."

आयुष्यभर मी व्यासपीठावरून वचने दिली. हे मला देता आले नाही. मी तिचा हात धरून बसलो. थोड्या वेळाने तिने आजीकडे पोहे मागितले.

या मृत्युपत्राची व्यवस्था शिल्पा, राहणार पद्मनाभपूर, दुर्ग, हिने पाहावी.

सही: देवराव लहानूजी भोयर

आमच्या समक्ष सही केली. आम्हीही त्यांच्या समक्ष केली:
१. देवीदास केवलराम कापगते, शेजारी
२. बाबुलाल साहू, कारखान्यातले सोबती

स्थळ: भिलाई
दिनांक: २९ एप्रिल २०२५

कलम पाच वाचले. साक्षीदार म्हणून नाही, तिचा बाप म्हणून लिहितो: तिले मीच सांगीन. बसून सांगीन. बाबा, तुम्ही परत या.
प्रशांत